कोंडाजीचा मंगळवार

चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांनी मस्टरमधल्या मंगळवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे अक्षर तुमचं?"

"हो, माझंच."

"म्हणजे कोंडाजी त्या दिवशी सुट्टीवर होता."

समोर हॉटेलचे मालक अण्णा बसले होते. दाराशी कोंडाजीची बायको हौसाबाई उभी. कोंडाजी नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलात होता, उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. त्याच मंगळवारी सकाळी कढईतलं उकळतं तेल त्याच्या हातावर आलं होतं. आणि माझ्या मस्टरप्रमाणे त्या वेळी तो हॉटेलात नव्हताच.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. संगमनेरला मी दहा-बारा हॉटेलांची शॉप ॲक्टची कामं करायचो. शॉप ॲक्ट म्हणजे दुकानं आणि हॉटेलं यांच्यासाठी राज्य सरकारनं केलेला कायदा. नोकरानं किती तास राबायचं, मध्ये विश्रांती किती, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, सगळं त्यात आहे. ते पाळलं जातंय हे दाखवायला मस्टर, म्हणजे हजेरीपट, ठेवावं लागतं. हॉटेलवाल्यांना लिहिण्याचा कंटाळा आणि मला लिहिण्याची हौस, त्यामुळे आमचं बरं जमलं होतं.

सुट्टीचा वार आधीच जाहीर करायचा, असा नियम. म्हणून महिना सुरू होताना मी लाल शाईनं प्रत्येकाच्या नावापुढे 'सु' टाकायचो, शेजारी त्याचा अंगठा घ्यायचो. एका दिवशी दोघांची सुट्टी येऊ द्यायची नाही. 'सु'ची तिरकी रेघ पानभर उतरत जायची. इन्स्पेक्टर लोक ते पान इतर हॉटेलवाल्यांना दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

सुट्टी मात्र कुणालाच नसायची. हॉटेल एसटी स्टँडसमोर. गाडी दहा मिनिटं थांबायची, तेवढ्यात पन्नास माणसांच्या हातात भजी आणि मिसळ पडली पाहिजे. अशा ठिकाणी कढईवरचा माणूस एक दिवस घरी बसला तर धंदा बसला. सगळी हॉटेलं असंच करायची. चोरी आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

कोंडाजी मिरजगावकडचा. तिकडच्या विहिरी आटल्या तसा बायकोला घेऊन इकडे आला आणि अण्णांच्या कढईवर लागला. मुठीतून पीठ सोडायचा ते असं की भजी एकासारखी एक. पहिल्या महिन्यात मी त्याला विचारलं होतं, "सुट्टीला कुठला वार टाकू?"

"खरंच मिळनार हाय का, भाऊसायेब?"

सगळे हसले. मीही हसलो.

"मग मंगळवार टाका. देवीचा वार हाय," तो म्हणाला आणि त्यानं अंगठा उठवला.

त्या मंगळवारी दहाच्या गर्दीत भट्टीची एक वीट सरकली आणि कढई कलली. अण्णांनी स्वतः त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं, तिथून त्याला नगरला पाठवलं. ते दुष्ट नव्हते. पण डॉक्टर म्हणाले, या हाताची बोटं आता हलायची नाहीत. तेव्हा अण्णा विचारात पडले. कामावर इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची, हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं.

पुढच्या सोमवारी मी मस्टर भरायला गेलो. लाल 'सु' तिथं होताच.

"अण्णा, मंगळवार दुरुस्त करू?"

"खाडाखोड नको, मुळे. तुम्हीच सांगता ना, खाडाखोड चालत नाही म्हणून?"

मी पान उलटलं. खरं सांगायचं तर सगळं तिथंच संपलं होतं.

हौसाबाईनं कुणाकडून तरी भरपाईचा अर्ज लिहून घेतला. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या घरी आली. उंबऱ्याच्या आत येईना.

"लई काय मागत न्हाई, भाऊसायेब. त्ये कामावर हुते, येवढंच सांगा सायबास्नी."

मी म्हणालो, "बघतो."

तर आता साहेब विचारत होते. पोऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं. "आमी भायेर वाढत हुतो, बगितलं न्हाई," असं प्रत्येकानं अण्णांकडे बघत सांगितलं. डॉक्टरच्या कागदावर तेलानं भाजल्याचं होतं, कुठं ते नव्हतं.

अण्णा म्हणाले, "सुट्टीचा दिवस. घरी काही तळत असेल."

"घरी?" हौसाबाई दारातून म्हणाली. "घरात दिव्याला त्याल न्हाई, सायेब. कढईभर कुठनं आनू?"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी मस्टर मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. "मुळे, हा माणूस मंगळवारी कामावर होता का?"

"रजिस्टरला सुट्टी आहे, साहेब."

"रजिस्टर मला वाचता येतं. मी तुम्हाला विचारतोय."

एक 'सु' खोटा म्हटला की दहा-बारा हॉटेलांतले सगळेच खोटे. सगळे माझ्या हातचे. माझं घर त्यावरच चालायचं. हौसाबाईकडे न बघता मी पुन्हा म्हणालो, "रजिस्टरला सुट्टी आहे." मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

अर्ज पुराव्याअभावी फेटाळला गेला. साहेबांनी जाताना मस्टरवर शेरा मारला, 'नोंदी व्यवस्थित'.

दोन-अडीच महिन्यांनी कोंडाजी परत आला. बोटं तळहाताकडे वळलेली, तशीच आखडलेली. कढईवर दुसरा माणूस लागला होता. हौसाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. हा तिथंच डाव्या हातानं मजुरांना पाणी वाटायचा. एकदा तिथून जाताना मी सायकलवरून उतरलो आणि कसंबसं म्हणालो, "कोंडाजी, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं, भाऊसायेब?" तो म्हणाला. "वार तर मीच सांगितला हुता."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून म्हणाला आणि मला पाण्याचा गडू पुढे केला.

त्यानंतर मी आगाऊ सुट्ट्या मांडणं बंद केलं. ज्यानं खरी सुट्टी दिली त्याचीच लिहायची, असं सांगितलं तेव्हा निम्म्या हॉटेलांनी दुसरा लिहिणारा शोधला. अण्णांनी सगळ्यात आधी. या धंद्यात नवीन आलेले लोक अजून मला विचारतात, मस्टर कसं ठेवावं. मी सांगतो, माणूस घरी गेला तरच सुट्टी लिहा, आणि चुकलं तर खुशाल खोडा. अण्णांच्या त्या मस्टरात एकही खाडाखोड नव्हती.