नवाबभाईंचा मोठेपणा

वडशाच्या बाजारओळीत नवाबभाईंचं शिलाईचं दुकान होतं, पण ते तिथं सापडतील अशी खात्री कुणी देत नसे. ऊन कललं की अर्धवट शिवलेली पँट मशीनवर टाकून ते शाळेच्या मैदानावर हजर. गावच्या बास्केटबॉल संघाचे ते कप्तान, निवड समितीचे अध्यक्ष आणि चाळिशी उलटून पोट सुटलं तरी पहिल्या पाचांतले कायमचे खेळाडू. बाकी चौघांत अदलाबदल व्हायची. नवाबभाईंची होत नसे, कारण अदलाबदल तेच करत.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, भरली की आसपासच्या गावांचे सामने होत आणि दरवर्षी वडसा हरे. नवाबभाईंच्या मते दोष कधी पंचाचा असे, कधी रिंगचा, कधी डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाचा. ते धापा टाकत बोर्डाखाली पोचेपर्यंत चेंडू परत फिरलेला असे, हे मात्र कुणी बोलत नसे. लग्नसराईत सगळ्यांना त्यांच्याच दारात उभं राहावं लागे.

अठ्ठ्याण्णव साली प्रवीण आला. नागभीडकडच्या खेड्यातल्या लटारूभाऊंचा, धान पिकवणाऱ्या घरचा मुलगा, कॉलेजसाठी वडशात खोली करून राहिलेला. त्याचा जुना संघ फुटला होता, त्यामुळे तो सध्या कुणाचाच नव्हता आणि आपणहून सरावाला येऊ लागला होता. पोराच्या हातात चेंडू आला की मैदान शांत होई. नवाबभाई आडवे आले तर रस्त्यात बसलेल्या म्हशीला घालावा तसा वळसा घालून तो पुढं निघून जाई.

पोराला ठेवायचं की नाही, यावर मुखरूच्या चहाटपरीवर समिती बसू लागली. समिती म्हणजे नवाबभाई, मुखरू आणि संघातला जुना खेळाडू रईस. प्रवीणला घ्यायचं तर नवाबभाईंनी बाहेर बसायचं, हे तिघांनाही लख्ख दिसत होतं. म्हणून तेवढं सोडून बाकी सगळ्यावर चर्चा होई. नवाबभाई आधी म्हणाले, पोरगा मोठ्यांना सलाम करत नाही. तो करू लागला, तेव्हा म्हणाले, फारच गोड बोलतो, भरवसा नाही. रईस एकदा चुकून म्हणाला की पोरगा कामाचा आहे. नवाबभाईंनी लगेच त्याच्या भावाच्या शेरवानीची चौकशी केली. रईसनं बशीत चहा ओतला आणि तो फुंकू लागला.

शेवटी नवाबभाईंनीच तोडगा काढला. वडशात माणूस पाठवून द्यायचा झाला की त्याचा सत्कार होतो. बदली झालेला साहेब असो की गावाला नकोसा झालेला मास्तर, शाल घेतलेला माणूस परत येत नाही. तसाच प्रवीणचा 'पाहुणा खेळाडू' म्हणून सत्कार ठरला. मुखरूनं टिळा लावला, नवाबभाईंनी शाल पांघरली, नारळ दिला आणि असा गुणी खेळाडू एकाच गावानं अडकवून ठेवू नये, असं भाषणही केलं. सगळे समजले.

प्रवीण तेवढा समजला नाही. त्याच्या गावात टिळा, शाल आणि नारळ पोरगा पसंत पडल्यावर देतात, जावई म्हणून. तो लाजला, सगळ्यांच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर येऊन उभा राहिला. आता त्याला खरं सांगायचं कुणी, यावर समिती पुन्हा बसू लागली.

तिचं ठरायच्या आत प्रवीणचे वडील लटारूभाऊ तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन नवाबभाईंच्या दुकानात आले. भर बाजाराची वेळ, बाकावर गिऱ्हाइकं बसलेली. पाणी पिऊन ते म्हणाले, "भाऊ, तुमी सोताच्या हातानं शाल घालून पोराले संघात घेतलं. आपली जागा अशी हसत कोनी सोडत नाई. तुमचं मन लय मोठं हाय."

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. कौतुक परत करायची सवय नवाबभाईंना कधीच नव्हती. "पोरं समोर गेली पाहिजे, भाऊ," असं आपल्याच तोंडून त्यांना ऐकू आलं, आणि अंधार पडायच्या आत ते सगळ्या वडशानं ऐकलं होतं.

मंडईच्या सामन्यांत नवाबभाई गळ्यात टॉवेल घालून बाहेर बसले. आत कुणाला गरज नसलेल्या सूचना ते बसल्या जागेवरून ओरडत राहिले. वडसा जिंकला, अंतिम सामना तर इतक्या सहज की लोक अर्ध्यातच उठून नाटकाच्या तिकिटांकडे वळले. कप हातात आला तेव्हा नवाबभाई मनापासून खूश झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोराला मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, असं ते टपरीवर येईल त्याला सांगू लागले.

मुखरूनं त्यांच्या हातात चहा दिला. खोडसाळपणा त्याच्या स्वभावात नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"नवाबभाई, मंग हे बाहेर बसनं एवढ्या सालापासून काऊन नाई केलं तुमी?"

नवाबभाई मोठ्यानं हसले. बरोबर कुणीच हसलं नाही, म्हणून त्यांनी रईसकडे पाहिलं, मग संघातल्या बाकीच्या पोरांकडे. आज एकानंही नजर खाली घातली नाही. सगळे उत्तराची वाट पाहत होते.