साबणाच्या वडीवरचं पान

आमच्या शेजारची तारवाली हाताने दागिने घडवते. तिला सुचतं कुठून? कुठूनही! कुलपाची किल्ली, मोरीची जाळी, सासऱ्यांची कवळी, ती काही म्हणून सोडत नाही. दिसलं की ओल्या साबणाच्या वडीवर ठसा उमटवायचा आणि त्याबरहुकूम चांदीची तार वळवायची.

त्या दिवशी दुपारी एक नवरी मुलगी कानातल्यांचा नमुना बघायला येणार होती. नाही आवडला तर ऑर्डर दुसरीकडे. आठवडाभर डोकं खाजवल्यावर सकाळी तारवालीला जिन्यात एक वाळकं पान सापडलं. ठसा सुरेख उठला, पानाचा मात्र चुरा झाला. वडी न्हाणीघराच्या खिडकीत वाळत ठेवली, आणि नवरोबा त्याच वडीने अंघोळ करून शीळ घालत बाहेर आले.

“अहो, माझं पान?”

“पाठीवर बघ, असेल थोडंफार!”

तारवाली रडकुंडीला आली. वडीवर जेमतेम तीन शिरा उरल्या होत्या. वेळच नव्हता, तेवढ्याच वळवल्या.

नवरीने कानातलं घालून आरशात मान हलवली. “मावशी, किती हलकं! मी हे काढणारच नाही.”

तेव्हापासून नव्या ठशाची वडी हातात देऊन नवरोबांना दिवसातून तीनदा अंघोळीला पिटाळलं जातं, सर्दी असो की पडसं.