बोटभर मातीखालचं सिमेंट

देवपूरच्या एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी आमच्या जळगावच्या फुटबॉल संघाला फसवलं, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन. काल माझ्या दुकानासमोर कुणीतरी मैदानावर रेषा आखायच्या फक्कीचं पोतं उतरवलं आणि त्या चुन्याच्या वासाने तिथला तो जुना सामना पुन्हा डोळ्यांपुढे आला. मैदान मूळ क्रिकेटचं, मधोमध सिमेंटचं पिच. त्यावर वीतभर काळी माती टाकाल तरच खेळू, अशी अट मी संघाचा व्यवस्थापक म्हणून घासाघीस करून कबूल करून घेतली होती. सामन्याच्या सकाळी टाच आपटून पाहिली तर ठक्क वाजलं. वर नुसती बोटभर माती भुरभुरवलेली. "दोन दिवसांच्या फुटबॉलसाठी पिच गाडलं तर क्रिकेटवाले मला गाडतील, भाऊ," सर हसत म्हणाले, "पोरांना सांगा, बाजूने पळा." "फुटबॉल खेळायचाय की प्रदक्षिणा घालायची?" मी ओरडलो आणि संघाला बसमध्ये चढायला सांगितलं. पण आमचा अमळनेरकडचा बचावपटू आडवा आला. "खेळू द्या ना भाऊ, बठ्ठा गाव देखाले उना शे." अख्खं गाव बघायला आलंय म्हटल्यावर मी ऐकलं. उत्तरार्धात तो चेंडूसाठी घसरला आणि त्याच सिमेंटवर त्याचा गुडघा फुटला. महिन्याभराने त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. ती हुकली, आणि नंतर त्याला कधी धड पळता आलं नाही. यंदा त्याच मैदानावरच्या स्पर्धेचं निमंत्रण मला आलंय, त्यावर छापलंय, 'फुटबॉलसाठी सुसज्ज मैदान'. मी जाणार आहे, आणि त्यालाही सोबत नेणार आहे. सर, या वेळी माझ्याशी बोलू नका. त्याच्यासमोर उभे राहा आणि त्याला उत्तर द्या.