बिनकाटी

रोज सकाळी चहाआधी मारुतीमामा बागेत जायचे आणि ब्लॅकबेरीच्या एकेका फांदीवरून बुडापासून शेंड्यापर्यंत उघडा तळहात फिरवायचे. तामलवाडीत मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा वाटलं, म्हातारा झाडाचे लाड करतोय. लाड कसले, ती भीती होती.

मामींची नजर साखरेनं गेली होती. त्यात बाभळीचा काटा पायात मोडला, जखम चिघळली आणि दवाखान्यात पायाची दोन बोटं काढावी लागली. "इतकं काय भ्यायचं, मामा?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्या वक्ताला भ्यालो न्हाय, म्हणून बोटं गेली."

मामी येरमाळ्याच्या. लहानपणी डोंगरात तोडून खाल्लेल्या करवंदांची आठवण सारखी काढायच्या. पण करवंदीला काटे. द्राक्षबागांच्या छाटणीत जन्म गेलेल्या मामांनी मग कुठूनशी तशाच काळ्या, आंबटगोड फळांची ही बिनकाट्याची ब्लॅकबेरी मिळवली, तारेवर चढवली, वर हिरवी जाळी बांधली. फळं ती किती, ओंजळभर. पण मामी ती चाचपून स्वतः तोडायच्या आणि तेवढा वेळ कुणाला हाक मारायच्या नाहीत.

मामांची ताकीद एकच. "मुळाला लोखंड लावायचं न्हाय. तिथं जखम झाली की ही बिनकाटी काट्याचा फुटवा काढती." मला हसू आलं होतं. एकदा ते तुळजापूरला औषधं आणायला गेले आणि मी शहाणपणा करून खुरप्यानं तण काढलं. एक मूळ कचकन तुटलं. माती सारखी केली आणि गप्प बसले. मग मात्र हसू पळालं. रोज मी कुंपणावरून डोकावायचे, काही दिसलं नाही की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

महिन्याभरानं एका सकाळी मामी तोडायला बसल्या होत्या. त्यांच्या बोटांजवळ, पानांआड, वीतभर फुटवा होता, त्यावर तांबूस काटे. मामांच्या हातून तो सुटला होता.

"मामी, हात हलवू नका," मी एवढंच म्हणाले.

मामा धावत आले. फुटवा उपटताना त्यांच्या तळव्यातून रक्त आलं, तिकडं त्यांनी बघितलंही नाही. मामींच्या हातांची दहाही बोटं एकेक करून तपासली, मग पुन्हा तपासली. मी खुरप्याचं सांगून टाकलं.

"उद्यापासून तू बी हात फिरव," मामा म्हणाले. "एकाचा हात चुकतोय."

दोन वर्षं आम्ही दोघांनी हात फिरवला. गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. मामी अजून सकाळी काठी टेकत बागेत येतात आणि विचारतात, "फिरवला का गं हात?"

"फिरवला, मामी," मी म्हणते, आणि त्या बसायच्या आत पुन्हा बुडापासून शेंड्यापर्यंत फिरवते, मामांच्या वाटणीचा.