शुक्रवारच्या पावाची वेणी

हेंडल बेकरीवाल्याची विधवा. लढाईआधी दर शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाच्या, पावाच्या शेदोनशे वेण्या तिच्या हातून निघत. शेवटचं टोक ती आत मुरडून खाली दडवायची. भट्टीत तिची एक वेणी कधी सुटली नाही.

जर्मनांनी आम्हाला पोलंडमधल्या वूचच्या घेट्टोत, कुंपण घातलेल्या वस्तीत, कोंडलं; तिथं पीठ गेलं आणि पेंढा आला. जर्मन शिपायांच्या बर्फातल्या बुटांसाठी आम्ही सहा जणी एका बाकावर बसून पेंढ्याच्या वेण्या घालायचो. काम असेल तर कार्ड, कार्ड असेल तर सूप. कार्ड गेलं की गाडीत चढायचं. त्या गाडीतून परत आलेलं कुणी आम्ही पाहिलं नव्हतं.

फ्रूमा हेंडलची लहानपणापासूनची मैत्रीण. मास्तरांची बायको, हात लोण्यासारखे मऊ. तिच्या वेण्या हातात धरल्या की सुटायच्या.

"अगं, ओढ की जरा! नवऱ्याचा कान समज," हेंडल म्हणायची.

"कान असता तर सांगावं लागलं असतं का गं?" फ्रूमा हसायची.

माल जमा करायच्या आधी हेंडल आपल्या घट्ट वेण्या तिच्या गठ्ठ्यात सरकवायची आणि तिच्या ढिल्या आपल्यात घ्यायची. बाकावर हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्चमध्ये हुकूम आला: प्रत्येक बाकावरून एक बाई कमी करा. मुकादम झिल्बर, आमच्यातलाच माणूस, प्रत्येकीच्या गठ्ठ्यातून एकेक वेणी उपसून ताणू लागला. फ्रूमाच्या गठ्ठ्यातली तसूभर हलली नाही. हेंडलच्या गठ्ठ्यातली त्याच्या हातात उलगडली.

"हेंडल, ही तुझी?"

हेंडलनं फ्रूमाकडे पाहिलं. "सांग की गं त्यांना."

"तिचीच आहे," फ्रूमा म्हणाली. "हल्ली तिचे हात चालत नाहीत हो. मीच सांभाळून घेते तिला."

मुकादमानं आम्हाला विचारलं, "खरं का?" मी मान खाली घालून पेंढा निवडत राहिले.

हेंडल भांडली नाही. हातातली अर्धी वेणी तिनं पुरी केली, टोक मुरडलं, बाकावर ठेवली आणि कार्ड देऊन गेली.

फ्रूमाला मी आजही शिव्या घालते. विश्वासघातकी, सापाची जात, तोंडाला येईल ते बोलते. मग जीभ अडखळते. त्या दिवशी मुकादमानं माझ्या गठ्ठ्यातून उपसलेली वेणीही घट्ट निघाली होती, आणि तिचं टोक आत मुरडलेलं होतं.