उतरवायचा राहिलेला आकाशकंदील

आमच्या घरात कामांची वाटणी पक्की होती. दिवाळीचा फराळ आईचा, आकाशकंदील बाबांचा. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही आणि नावं मात्र मनसोक्त ठेवायची, असा रिवाज होता. बाबा दरवर्षी विश्रांतवाडीहून बसने कसब्यात जाऊन बांबूच्या कामट्या आणत, जेवणाच्या टेबलावर पसारा मांडत आणि खळ शिजवायला नेमकं आईचं दुधाचं पातेलं घेत. त्यांच्या कात्रीच्या पात्याला एक खाच होती. त्यामुळे कंदिलाच्या खाली लावायच्या झिरमिळ्या कापल्या की प्रत्येकीच्या कडेला एक बारीकसा दात राहायचा.

"धारवाल्याला द्या की ती एकदा," आई दरवर्षी म्हणायची.

"कात्री उत्तम आहे. हल्ली कागदच वाईट येतो," बाबा दरवर्षी म्हणायचे.

त्या वर्षीही कंदील आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीबाहेर, लोखंडी दांडीला लागला. केशरी अंग, पांढऱ्या झिरमिळ्या. तो त्रिपुरी पौर्णिमेला उतरवायचा हा बाबांचा नियम होता. पौर्णिमा यायच्या आधीच बाबा गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मी वाघोलीला माझ्या घरी परतले आणि दर रविवारी आईकडे येऊ लागले. कंदील तिथेच होता. उतरवायचं काम ज्यांचं, ते नव्हते, आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायची आम्हाला सवयच नव्हती. पौष गेला, माघ गेला. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहायचे. एकदा जिन्यात आईला म्हणाले, "वहिनी, पुढच्या दिवाळीचा आत्ताच लावलात? बरं केलंत, ऐनवेळी धावपळ नको." बाबा गेले तेव्हा हेच काका आमच्याकडे तासभर एक अक्षर न बोलता बसून होते, म्हणून आईने ते बोलणं सोडून दिलं.

पण घरात आल्यावर तिने मला फोन केला, "या रविवारी तो उतरव. धुळीने खराब होतोय. मऊ चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवू. एवढं एकच राहिलंय त्यांच्या हातचं." तिने चादर धुऊन, इस्त्री करून तयारसुद्धा ठेवली होती. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

रविवारी स्टूल घेऊन गॅलरीत गेले तर झिरमिळ्या विरळ झालेल्या. वाऱ्याने फाटल्या म्हणावं तर तुकडे राहिले असते. इथे मुळापासून गायब. आईचा संशय सरळ वर गेला. "त्यांचंच काम. वरून काठीने ओढत असतील. डोळ्यात खुपतोय ना कंदील." एक निवृत्त गृहस्थ गॅलरीतून वाकून काठीने कागदाच्या पट्ट्या ओढतोय, हे चित्र मला फारच आवडलं. पण आईला पुरावा हवा होता. तिने कंदील उतरवणं लांबणीवर टाकलं, गॅलरीच्या दारात खुर्ची ओढली आणि पडद्याआड भाजी निवडत पहाऱ्याला बसली.

चोर दुसऱ्याच दिवशी सापडला. फोनवर आईचा आवाज किती महिन्यांनी चढा लागला होता! "अगं, बुलबुल आहे! डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल. झिरमिळी चोचीत धरते, अंगाला झोका देऊन उपटते आणि वरच्या तोंडातून आत शिरते. कंदिलातच घर बांधतेय बया."

आता प्रश्न असा होता की घरटं अजून पुरं झालेलं नाही, तेव्हाच कंदील उतरवला तर चालेल का. मी म्हणाले, चालेल, ती दुसरीकडे बांधेल. आई म्हणाली, "अजून दोन दिवस बघू." दोनाचे आठ दिवस झाले आणि आत अंडी आली. तीन, गुलाबीसर, त्यावर तपकिरी शिंतोडे. आईने कंदिलाच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली, चुकून कुणी दिवा लावायला नको. काकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, "उतरवता येत नाही हो. आत बाळंतीण आहे."

मला वाटलं होतं, आई रोज त्या कंदिलाकडे बघून हळहळेल. हळहळत होतीच. एकेक झिरमिळी जायची तशी तिला लागायची. "आज दोन नेल्या," असं फोनवर सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा. पण लगेच दुसरं काहीतरी सुरू व्हायचं. ही रात्री झोपते कधी? अंडी फिरवताना चोच लागून फुटत कशी नाहीत? सकाळचं ऊन पलीकडून आलं की केशरी कागदावर तिची सावली पडायची, तुऱ्यासकट. आई चहा घेऊन त्या सावलीसमोर बसायची. दिवा न लावता कंदील लागायचा तो तेवढाच.

पिल्लं बाहेर आली तेव्हा नर-मादी दोघंही भरवू लागले. दोघं दिसायला अगदी सारखे. मी विचारलं, "यातला बाप कोणता, ओळखायचं कसं?"

"जो उशिरा येतो तो," आई म्हणाली.

पुढे एकदा तिने पाहिलं की पिल्लाने शी केली की येणारा पक्षी ती चोचीत उचलून दूर नेऊन टाकतो. "बापसुद्धा!" हे तिने मला दोनदा सांगितलं आणि बाबांच्या फोटोकडे असं काही पाहिलं, की आज ते असते तर त्यांचं काही खरं नव्हतं.

पिल्लांना पंखांचे कोंब फुटले होते तेव्हाचा तो रविवार. दुपारी चारलाच आभाळ काळं झालं, धुळीचा लोट उठला आणि दारं आपटायला लागली. वळीव येणार हे दिसतच होतं. कंदिलाचा कागद ऊन खाऊन आधीच कुरकुरीत झालेला. मी स्टूल ओढलं. "आई, काढून आत घेऊ. घरट्यासकट. एका मिनिटाचं काम आहे."

"आणि जागा हलली म्हणून ती परत आलीच नाही तर?"

"बाहेर राहिला तर कागद उरणार नाही. मग माझ्यावर रागवू नकोस."

आईने गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. कंदील गोल गोल फिरत होता आणि आत बुलबुल पिल्लांवर पंख पसरून बसली होती, तिची शेपटी तेवढी वरून दिसत होती. आई म्हणाली, "ती बघ, हलत नाहीये. जाऊ दे कागद." हे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं आणि स्टूल बाजूला सारलं.

ती बाबांची काळी छत्री घेऊन कठड्यावरून वाकली आणि कंदिलावर धरून उभी राहिली. मी मागून तिची कंबर पकडली. तेवढ्यात वरून आवाज आला, "वहिनी, सरका! छत्रीने काय होणार आहे?" आणि काकांच्या गॅलरीतून निळ्या प्लास्टिकचा भलामोठा तुकडा सुतळीला बांधलेला खाली आला. "दोन्ही टोकं कठड्याला बांधा. माझी स्कूटर भिजली तर भिजली." आम्ही बांधली. तरी पाऊस आडवा आला. केशरी कागदाची लक्तरं सुटून माझ्या डोळ्यांदेखत खाली रस्त्यावर गेली आणि आई एकदाही त्यांच्यामागे वळली नाही. छत्री तिने शेवटपर्यंत घरट्यावरच धरली होती.

पिल्लं वाचली. आठवड्याभरात एकेक करत उडालीही. शेवटचं धडपडत आधी तुळशीच्या कुंडीत पडलं आणि आईने त्याला "घाई नको" म्हणून समजावलं. मग मी दांडीवरून कंदील काढला. उरल्या होत्या नुसत्या कामट्या आणि त्यांच्या चौकटीत बसलेली घरट्याची वाटी. आईने चष्मा लावून ती वाटी मांडीवर घेतली. काटक्या, मुळ्या, कोळ्याची जाळी, आणि त्यात गोल गोल फिरवलेल्या पांढऱ्या पट्ट्या. तिने एका पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. दात लागला. पुढच्या पट्टीलाही लागला. "सगळ्या इथेच आहेत गं," ती म्हणाली. इस्त्रीच्या चादरीत कामट्या आणि घरटं गुंडाळून आम्ही माळ्यावर ठेवलं.

पुढची दिवाळी आम्हाला नव्हती. शेजारपाजारच्यांनी फराळ आणून दिला. काकांनी चिवडा आणला आणि तो तुमच्यासारखा झालेला नाही हे स्वतःच सांगून टाकलं.

फाल्गुनात एका रविवारी मी गेले तर जेवणाच्या टेबलावर पसारा होता. बाबांच्या कामट्या माळ्यावरून खाली आल्या होत्या, दुधाच्या पातेल्यात खळ होती, आणि आई पांढरा कागद कापत बसली होती. बाबांच्या कामाला तिने आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता. पट्ट्या वाकड्या येत होत्या.

"जाता जाता कात्रीला धार लावून आणू का?" मी विचारलं.

"काही नको," ती मान वर न करता म्हणाली. "कात्री उत्तम आहे."

आम्ही दोघींनी मिळून कंदील दांडीला लावला. पुढच्या आठवड्यात, मी कामावर असताना, भर दुपारी आईचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, मला कळेना.

"नेली गं एक," ती म्हणाली.