वालावलला भेटलेली बाई

माझा डावा स्तन कर्करोगाने गेला आणि मी देवळात जाणं सोडलं. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, मग खंडित बाईने देवापुढे का उभं राहावं, हा कडू विचार मनातून जात नव्हता. गोव्यातल्या डॉक्टरांनी पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवा स्तन घडवला. त्यावर स्तनाग्र करायचं राहिलं होतं. तिथलीच थोडी कातडी उचलायची, दुमडून टाके घालायचे आणि भोवतीचा गडद रंग पुढे गोंदवून भरायचा, असं त्यांनी समजावलं. ते कालांतराने सपाट होत जातं, स्पर्श तर कळतच नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मग पुन्हा सुरी कशासाठी, हे मला उमगेना.

तरी त्या शस्त्रक्रियेसाठी गोव्याला जायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी यजमानांनी मला वालावलला लक्ष्मीनारायणाकडे नेलं. ते आत गेले, मी देवळालगतच्या तळ्याच्या पायरीवरच बसून राहिले. शेजारी माझ्याहून थोडी मोठी, अनोळखी बाई होती. छातीशी घट्ट धरलेल्या माझ्या पदराकडे पाहून तिने हलकेच विचारलं, "डावी बाजू काय गो?"

मी मान हलवली.

"माझीय डावीच. बघतंस?"

बायका कपडे बदलतात त्या खोलीत तिने पोलक्याची बटणं काढली. गोंदवलेला रंग फिकटला होता, स्तनाग्र जवळजवळ सपाट झालं होतं.

"हात लावलेलो कळता?" मी विचारलं.

"नाय."

"मगे कित्याक केलंस?"

"पयली न्हाताना माझ्याच आंगाकडे बघूक भीती वाटायची. आता बघतंय." बटणं लावता लावता ती म्हणाली, "दुखणा आता हाडांत गेला. पण ह्या केलंय त्येचा वायट वाटणा नाय. बाकीचा नारायणाच्या हवाली."

मला रडू आवरेना. तिने माझा पदर सारखा केला आणि मला गाभाऱ्याकडे वळवलं. कितीतरी महिन्यांनी मी देवाचं मुख पाहिलं. बाहेर आले तेव्हा ती निघून गेली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी सोडली तेव्हा कातडीची कड काळी पडलेली दिसली. तिथे रक्त पोचलं नाही, वाट पाहू, एवढंच डॉक्टर म्हणाले. एरवी मी कोसळले असते. त्या दिवशी डोळे मिटून मी नारायणाला म्हटलं, ठेवशील तेवढं माझं. पुढे त्यातलं अर्धं झडून गेलं. उरलेलं लहानसं आहे, वाकडं आहे. गेलेल्याचं दुःख अजून होतं, काही सकाळी रडूही येतं. पण माझ्याच शरीराचा राग आता येत नाही.

नंतर वालावलला जाऊन मी पुजाऱ्यांना, दुकानदारांना तिच्याबद्दल विचारलं. कोणालाच ती आठवेना. ती आहे की गेली, मला ठाऊक नाही. तिच्यासाठी हात जोडते तेव्हा नाव-गाव सांगता येत नाही. नुसतं 'ती' म्हणते. त्याला कळत असावं.